मराठवाड्यात मत्स्यखाद्य तयार करताना आणि विकताना

मत्स्यखाद्याचा कारखाना काढू इच्छिणारा माणूस पहिली चौकशी यंत्राची करतो. एक्सट्रुडर, म्हणजे पीठ उष्णतेत आणि दाबाखाली शिजवून गोळी काढणारे यंत्र, कोणता घ्यावा, तासाला किती माल निघतो, वीज किती लागते, हे विचारणे आवश्यकच आहे. परंतु खाद्य सुरक्षित ठरते ते कच्च्या मालाची गाडी फाटकातून आत घेताना. यंत्रातील उष्णता जंतू मारते, पेंडीत बुरशीने आधीच सोडलेले विष मात्र तसेच राहते आणि गोळीच्या रूपाने तळ्यात जाते. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा फाटकाला, गोदामाला आणि नोंदवहीला अधिक जागा दिली आहे.

आपले गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवावे. मराठवाड्यात तीन प्रकारचे पाणी आहे आणि तिन्हींची गरज वेगळी आहे. गावतलावात आणि जुन्या मातीच्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ हे मासे पाण्यातील नैसर्गिक अन्नावरही वाढतात. तेथे आजही पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून छिद्रे पाडलेल्या पोत्यातून देण्याची पद्धत आहे आणि साधे बुडणारे खाद्य तेथे चालते. प्लॅस्टिकचे अस्तर टाकलेल्या शेततळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तळाशी माती नसल्यामुळे नैसर्गिक अन्न फारसे तयार होत नाही, बुडालेली गोळी अस्तरावर पडून कुजते आणि मासे खाद्य खातात की नाही हे शेतकऱ्याला दिसत नाही; तेथे तरंगते खाद्यच द्यावे लागते. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे जलाशयात पिंजरे टाकून पंगस किंवा तिलापिया वाढवणारे, ज्यांना जवळजवळ ३० टक्के प्रथिनांचे तरंगते खाद्य नियमित आणि एकाच प्रतीचे लागते. बुडणाऱ्या खाद्यासाठी गोळ्या दाबणारे साधे यंत्र पुरते, तर तरंगत्यासाठी एक्सट्रुडर लागतो आणि खर्च त्यानुसार वाढतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत दररोज २ टन क्षमतेच्या छोट्या गिरणीचा एककखर्च ३० लाख रुपये आणि ८ टनांच्या गिरणीचा १ कोटी रुपये धरला होता, आणि सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद होती. चालू वर्षी काय मिळू शकते याची विचारणा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात करावी आणि अनुदान हातात येईल असे गृहीत धरून कर्जाचा हप्ता ठरवू नये.

उद्यम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची व चालवण्याची संमती, अग्निसुरक्षा, वजनकाट्याची पडताळणी ही कामे नेहमीच्या लघुउद्योगासारखीच आहेत. वस्तू व सेवा कराबाबत मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. जलचरांचे खाद्य करमुक्त आहे, ही बातमी ऐकून पुष्कळ जण खूश होतात. परंतु विक्री करमुक्त असल्यामुळे यंत्रावर, पोत्यांवर आणि सुट्या भागांवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही, आणि तो सगळा कर आपल्या खर्चात धरावा लागतो. प्रतीसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस १६१५० ही मालिका मिळवून ठेवावी; तिचा २०१४ चा पहिला भाग कार्प माशांच्या, म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांच्या, खाद्याचा आहे. ओलावा, प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि आम्लात न विरघळणारी राख यांच्या मर्यादा त्या मानकातून उतरवून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावाव्यात. यांपैकी शेवटची कसोटी म्हणजे साध्या शब्दांत मालात किती वाळू आहे याचा हिशेब.

फाटकावरची तपासणी

कच्च्या मालाच्या बाबतीत मराठवाडा सुदैवी आहे. लातूर हे सोयाबीनचे मोठे बाजारकेंद्र असल्यामुळे सोयाबीनची तेल काढलेली पेंड, जिला सगळा बाजार डीओसी म्हणतो, हाताशी मिळते. जालना आणि छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात मका होतो. सरकीची ढेप जवळपास सगळीकडे आहे. भाताचा कोंडा तेवढा विदर्भातून किंवा तेलंगणातून आणावा लागतो. मात्र हा व्यापार पिढ्यानपिढ्या ओळखीवर चालत आला आहे, आणि ओळखीच्या आडत्याने पाठवलेली गाडी परत पाठवणे हे येथील कारखानदाराला सर्वांत जड जाते. ते जमणार नसेल तर पुढचे सगळे नियम कागदावरच राहतात.

पहिला शत्रू अफलाटॉक्सिन. अॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी शेंगदाणा, मका आणि सरकी यांवर वाढते आणि हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. त्याच दशकात अमेरिकेत ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाला, तो सरकीच्या पेंडीतील याच विषामुळे. आपला रोहू ट्राउटइतका नाजूक नाही, तो लगेच मरत नाही. त्याचे यकृत बिघडते, वाढ मंदावते, रोगाला तो लवकर बळी पडतो, आणि शेतकरी दोष पाण्याला देतो. युरोपीय नियमांनुसार कच्च्या मालात अफलाटॉक्सिन बी-१ चे प्रमाण किलोला २० मायक्रोग्रॅम आणि तयार खाद्यात सर्वसाधारणपणे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २० मायक्रोग्रॅम म्हणजे एका टनात २० मिलिग्रॅम, मिठाच्या एका चिमटीपेक्षाही कमी. इतकी सूक्ष्म गोष्ट नाकाने किंवा डोळ्याने कळत नाही. बुरशीचा वास येणारी पेंड नाकारावीच, पण वास न येणारी पेंड निर्दोष आहे असे मानू नये. पट्टीवर होणारी जलद चाचणी कारखान्यात ठेवावी आणि संशयास्पद नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा.

विष सगळ्या पोत्यांत सारखे पसरलेले नसते. दोनशे पोत्यांतील चार पोती सगळा माल बिघडवतात. म्हणून नमुना घेण्याची पद्धत चाचणीइतकीच महत्त्वाची आहे. पोत्यात खुपसायच्या पोकळ सळईने गाडीच्या पुढून, मधून, मागून, वरच्या आणि शक्य तितक्या खालच्या थरांतून माल काढावा, तो एकत्र मिसळून दळावा आणि त्या पिठातून चाचणीसाठी भाग घ्यावा. माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. जुलैमध्ये आलेल्या शेंगदाणा पेंडीच्या गाडीची मागची पोती कोरडी आणि चांगली होती. नमुना तेथूनच घेतला आणि हमालांनी माल उतरवायला सुरुवात केली. केबिनलगतच्या ताडपत्रीला फाटका कोपरा होता, हे अर्धी गाडी रिकामी झाल्यावर दिसले. उतरवलेला माल परत भरण्याचे जिवावर आले, ओली वाटणारी पोती तेवढी बाजूला काढली आणि बाकीचा माल ठेवून घेतला. महिनाभराने सगळी थप्पी फेकावी लागली. तेव्हापासून नमुन्याचा निकाल लागेपर्यंत गाडीची दोरी सोडायची नाही, हा नियम केला.

दुसरा शत्रू भेसळ. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे तिच्या हिशेबात युरिया म्हणजे २८७ टक्के प्रथिने ठरतात, आणि शंभर किलो हलक्या पेंडीत एक किलो युरिया मिसळला की कागदावरची प्रथिने जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. ज्या पेंडीचा भाव बाजारापेक्षा कमी आणि प्रथिनांचा आकडा बाजारापेक्षा जास्त असेल, तिची युरियासाठी वेगळी चाचणी केल्याशिवाय ती घेऊ नये. फिशमीलमध्ये, म्हणजे वाळवून दळलेल्या मासळीच्या पिठात, वाळू, मीठ आणि चामड्याचा भुगा यांचीही शक्यता धरावी.

सोयाबीनच्या डीओसीबाबत तिसरीच काळजी घ्यावी लागते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य अडवणारे घटक असतात आणि ते योग्य उष्णतेने निकामी होतात. कमी शेकलेली डीओसी माशाला पचत नाही, जास्त शेकलेलीतील लायसिन, म्हणजे वाढीला लागणारा प्रथिनांचा एक घटक, करपून वाया जाते. युरिएज चाचणीने कमी शेकलेला माल पकडता येतो. ती स्वस्त आहे, थोड्या वेळात होते आणि प्रत्येक गाडीवर करावी. ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी पाऊस आला तर त्या हंगामाच्या सोयाबीनवर आणि त्यापासून निघालेल्या पेंडीवर वर्षभर अधिक नजर ठेवावी लागते. ओलाव्याच्या बाबतीत पेंड आणि कोंडा ११ ते १२ टक्क्यांच्या आत, मका १३ टक्क्यांच्या आत, याच्या पुढे सवलत देऊ नये.

सरकीची ढेप स्वस्त आणि मुबलक असली तरी तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, शिवाय टरफलासह काढलेल्या ढेपेत तंतू फार असतात. माझ्या मते मोठ्या कार्पच्या खाद्यात ती १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये आणि मत्स्यबीजाच्या खाद्यात मुळीच असू नये.

मिश्रण

मोठ्या होत चाललेल्या कार्पसाठी सुमारे २८ टक्के प्रथिनांचे, फिशमील नसलेले एक मिश्रण उदाहरणादाखल देतो. १०० किलोंसाठी सोयाबीन डीओसी ३५ किलो, शेंगदाणा पेंड १५ किलो, तेल काढलेला भाताचा कोंडा २५ किलो, मका १९ किलो, तेल २ किलो, फॉस्फेट दीड किलो, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण १ किलो, बांधणीचा पदार्थ १ किलो, मीठ ३०० ग्रॅम आणि मिथिओनिन हा लायसिनसारखाच प्रथिनांचा घटक २०० ग्रॅम. सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी असते आणि शेंगदाण्यात लायसिनही कमी असते, म्हणून प्रथिनांचा नुसता आकडा जुळवून भागत नाही. आपल्या मालाच्या प्रत्यक्ष तपासणीवरून हे प्रमाण बदलावे लागेल. त्यासाठी उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील पोषणतज्ज्ञांचा सल्ला घेणे सोपे आहे, आणि एवढे जवळ असूनही फार थोडे कारखानदार तेथे जातात.

खाद्यात प्रतिजैविक मिसळू नये. रोग पडला म्हणून मागणी करणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधे मत्स्यपालनात निषिद्ध आहेत, आणि कोलिस्टिनचा खाद्यातील वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला. औषध चुकूनही आत येऊ नये यासाठी ‘वाढवर्धक’ या गोंडस नावाने येणारी, घटक न लिहिलेली कोणतीही पुडी घेऊ नये.

यंत्रातून गोळी

दळण जितके बारीक तितकी गोळी घट्ट. पीठ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे आणि दळणाच्या आधी लोहचुंबक असलाच पाहिजे, कारण पोत्यातून खिळे, तारा आणि सुया निघतात. जीवनसत्त्वांसारखे थोड्या प्रमाणातील घटक आधी पाच-दहा किलो पिठात मिसळून मगच मोठ्या मिश्रणात घालावेत. एक्सट्रुडरमध्ये तापमान साधारणपणे १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यात स्टार्च शिजून फुगतो आणि गोळी तरंगते. साल्मोनेला या तापमानात टिकत नाही, परंतु तोच जंतू थंड करण्याच्या जागेत पुन्हा मालावर बसतो. त्यामुळे कच्च्या मालाची बाजू आणि शिजलेल्या मालाची बाजू यांच्यामध्ये भिंत असावी, दोन्हीकडचे झाडू, फावडी आणि चपला वेगळ्या असाव्यात, आणि शक्य असेल तर माणसेही वेगळी असावीत. वीज मध्येच गेली तर यंत्रात अडकलेला माल अर्धाकच्चा किंवा करपलेला असतो. तो पुढच्या पोत्यात मुकाट्याने ढकलण्याचा मोह होतो. तो वेगळा काढून नोंदवून टाकून द्यावा.

उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो म्हणून अंगणात ताडपत्रीवर गोळ्या वाळवणारे काही कारखाने आहेत. फुकटच्या उन्हाची ही बचत महाग पडते. उन्हाने जीवनसत्त्वे जातात, तेल खवट होते आणि चिमण्या-कबुतरांची विष्ठा थेट खाद्यात पडते. यांत्रिक वाळवणी करावी, ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणावा आणि गोळी खोलीच्या तापमानाला आल्यावरच पोते शिवावे. गरम माल भरला तर पोत्याच्या आतल्या बाजूस घाम धरतो आणि दोन आठवड्यांत बुरशी येते. प्रत्येक घाण्यातील, म्हणजे एका वेळी काढलेल्या मालातील, मूठभर गोळ्या पाण्याच्या काचेच्या भांड्यात टाकून तरंगतात किती आणि विरघळायला किती वेळ लागतो, हे लिहून ठेवावे.

गोदामात पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत, पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा आणि जुना माल आधी काढावा. मत्स्यखाद्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे तीन महिने धरतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते तेवढेही नसते. क जीवनसत्त्व सर्वांत आधी जाते, म्हणून ते फॉस्फेटच्या स्थिर रूपातच घ्यावे.

शाश्वततेचा कागद

ज्यांचे मासे निर्यातदाराकडे जातात ते खरेदीदार आता खाद्याचा उगम विचारतात. जलचरपालन क्षेत्रातील एएससी संस्थेचे खाद्यमानक २०२१ मध्ये आले. त्यात खाद्यात एक टक्क्याहून जास्त असलेल्या प्रत्येक घटकाच्या उगमाची छाननी कारखान्याने करायची असते. फिशमीलसाठी मारिनट्रस्ट हे प्रमाणपत्र मान्य आहे. किनाऱ्यावर लहान, न वाढलेली मासळी पकडून तिचे फिशमील करणे हा समुद्राच्या साठ्यावरचा घाला आहे, आणि महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी असते; त्या काळातील ताज्या मालाचे फिशमील कोणी देऊ करत असेल तर मासळी कोठून आली हे विचारलेच पाहिजे. कार्पला फिशमीलची गरज नाहीच म्हटले तरी चालेल. ते पंगसाच्या आणि मत्स्यबीजाच्या खाद्यापुरते ठेवावे.

सोयाबीनबाबत मात्र मराठवाड्याच्या हातात एक हुकमी पान आहे. जगभर प्रश्न विचारला जातो तो जंगल तोडून पेरलेल्या सोयाबीनचा. आपले सोयाबीन पिढ्यानपिढ्या कसल्या जाणाऱ्या जमिनीवरचे आहे. ते सिद्ध करायला सातबारा आहे, आणि २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे कोणत्या गटात कोणत्या हंगामात कोणते पीक होते याची नोंदही आहे. शेतकरी उत्पादक कंपनीकडून सोयाबीन घेऊन ठरावीक तेलगिरणीत वेगळे गाळून घेतले, तर गोणीपासून गट क्रमांकापर्यंत माग लावता येतो. आडतीवर मिसळलेल्या मालाचा हा माग लागत नाही. जनुकीय बदलाबाबतही उगमाचा पुरावा लागतो, कारण भारतात असे सोयाबीन पिकवण्यास परवानगी नसली तरी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीस मुभा दिली होती. आणि ज्याला असे घटक नसलेले खाद्य हवे आहे, त्याला सरकीची ढेप घातलेले खाद्य विकता येत नाही. आपला कापूस बहुतेक सगळा बीटी आहे.

शाश्वततेची दुसरी बाजू पाण्यात आहे. वनस्पतिजन्य पेंडीतील फॉस्फरस माशाला नीट पचत नाही, तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि शेवाळ वाढवतो. जायकवाडीचे पाणी छत्रपती संभाजीनगरकर पितात आणि तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. अशा पाण्यासाठी खाद्य विकताना हा फॉस्फरस माशाला पचण्याजोगा करणारे फायटेज हे विकर घालून वरून दिलेले फॉस्फेट कमी करावे. विकर उष्णतेने निकामी होते, म्हणून ते गोळी थंड झाल्यावर तेलाबरोबर फवारावे.

विक्री

येथील मागणी पावसावर चालते. तलाव भरले की ऑगस्ट-सप्टेंबरात बीज सुटते आणि खाद्याची मागणी चढत जाते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ती थांबते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी गोदामात तीन महिन्यांचा साठा करून बसलेल्या विक्रेत्याला तो फेकावाच लागतो. धरणांच्या साठ्याची साप्ताहिक आकडेवारी पाहून उत्पादन ठरवावे आणि मागणी नोंदवल्यावर माल काढावा. उधारी मासळी विकेपर्यंत, म्हणजे सहा-आठ महिने मागितली जाते. ती द्यायचीच असेल तर शेतकऱ्याकडून बीज सोडल्याची तारीख, संख्या आणि रोजच्या खाद्याची वही मागावी. दीड किलो खाद्यात एक किलो मासा, हे तरंगत्या खाद्याचे चांगले प्रमाण मानावे. ते दोनच्या पुढे गेले तर दोष खाद्याचा, पाण्याचा की चोरीचा, हे त्या वहीतून कळते. थाई मागूर पाळणाऱ्याला, त्याने रोख पैसे मोजले तरी, माल देऊ नये. त्या माशाच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे.

प्रत्येक पोत्यावर खाद्याचा प्रकार, गोळीचा आकार, प्रथिने व स्निग्धांशाची हमी, घटकांची नावे, निव्वळ वजन, उत्पादनाची आणि वापराच्या शेवटच्या दिवसाची तारीख आणि घाणा क्रमांक असावा. या क्रमांकावरून मागे कोणत्या गाडीची पेंड वापरली आणि पुढे कोणत्या विक्रेत्याला माल गेला, हे दोन्ही सापडले पाहिजे. प्रत्येक घाण्यातील अर्धा किलो नमुना बरणीत बंद करून, वापराची मुदत संपल्यावरही महिनाभर थंड जागी ठेवावा. विक्रेत्याकडून परत आलेली पोती, न फोडलेली असली तरी, पुन्हा यंत्रात घालू नयेत. दुसऱ्याच्या गोदामातील उंदीर आणि बुरशी त्यांच्याबरोबर आत येते.

वर्षातून दोनदा, आगाऊ न सांगता, एखादा जुना घाणा क्रमांक निवडून त्याची सगळी पोती कोठे आहेत हे शोधण्याची रंगीत तालीम करावी. चार तासांच्या आत, पोत्यांचा हिशेब जुळून, विक्रेत्यांची नावे आणि फोन क्रमांक समोर आले पाहिजेत. पहिल्या तालमीत बहुधा वीस-तीस पोत्यांचा पत्ता लागत नाही, आणि ती बहुतेक वेळा वाटेत ओळखीच्या माणसाला बिलाशिवाय दिलेली असतात.